घरचं इरजण

मल्लूअण्णाची आणि माझी ओळख कानाखाली झाली. कान माझा, हात त्याचा.

मी लग्नात माइकवर बोलतो. वरातीच्या पुढं बँडची गाडी असते, गाडीवर भोंगे असतात आणि त्या भोंग्यांतनं "नवरदेवाचे मामा जिथं कुठं असतील तिथनं पुढं या, न्हायतर मामीला तरी पाठवा" असा जो आवाज येतो, तो माझा. शाळा बार्शीला झाली. दहावीपर्यंत मला गणित आलं नाही, पण गणिताचे सर आले. त्यांचा खोकला, खडूचा हात पँटला पुसणं, "बस खाली, बैला" म्हणणं, सगळं हुबेहूब. मग कंडक्टर आला, पुढारी आले, कोंबडा आला, गाढव आलं, घोडा आला. त्याच्यावरच पोट चाललंय.

त्या दिवशी सोलापुरात होटगी रोडला परण्या निघाला होता. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीला नेतात तो. पांढरी घोडी, वर घामेजलेला नवरदेव, आणि लगाम धरून एक उंच, वाळलेला म्हातारा. लाल पटका, पांढऱ्या मिशा. पोरं घोडीच्या पायाशी लवंगी माळा लावत होती आणि घोडी हलत नव्हती. दुसरी असती तर नवरदेव विजापूर वेशीत सापडला असता. ही नुसती डोळे मिटून उभी, सत्यनारायणाला बसल्यासारखी.

मला राहवेना. म्हटलं बघू तरी. माइक तोंडाशी धरला आणि घोड्यासारखा खिंकाळलो. साधा कुठला तरी घोडा नाही. गेल्या सीझनला ह्याच म्हाताऱ्याचा सरदार नावाचा घोडा वरातीत असायचा, त्याचं खिंकाळणं. आधी बारीक शीळ, मग छातीतनं गडगडाट, आणि शेवटी तीन तुटके हुंकार.

फटाक्याला न हललेली घोडी गर्रकन वळली. नवरदेवासकट. करवलीला बाजूला सारून ती बँडच्या गाडीपाशी आली आणि भोंग्याला तोंड लावून उभी राहिली. नवरदेवाचं बाशिंग भोंग्यात अडकलं. लोक पोट धरून हसायला लागले, मीपण हसायला लागलो. तेवढ्यात म्हातारा गाडीवर चढला आणि माझ्या कानाखाली असा जाळ काढला की बँडवाल्याला वाटलं ताशा वाजला.

"मेल्याचा आवाज काढतोस व्हय रं, भोंग्या?"

सरदार दोन महिन्यांपूर्वी मेला होता. मला काय माहीत?

नवरदेव मांडवात गेल्यावर म्हातारा परत आला. मी दुसरा कान आधीच झाकून घेतला. पण तो गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला आणि कुणाकडंच न बघता म्हणाला, "आनिक येकदा काड की. हळू काड. माइक नको."

मी काढला. घोडीनं कान टवकारले. अण्णानं पटक्याचं टोक डोळ्याला लावलं. त्या दिवसापासून माझं नाव भोंगा पडलं ते पडलंच.

अण्णा मूळचा दुधनीकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि त्याच्या मराठीत बाई-पुरुष असा भेदच नव्हता. "घोडी आला," "आमची बायको शेंगा भाजतोय," "तुझी आई बरा हाय का?" असं सगळं. आणि हा माणूस आयुष्यभर धंदा कसला करत होता, तर नर-मादीचा जोडा लावायचा! मी एकदा हे त्याला बोलून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "बोलायला चुकला तर चालतो. लावायला चुकला न्हाय पायजे."

माणसांकडंपण तो घोड्यासारखंच बघायचा. वरातीत नवरा-नवरी दिसली की आधी घोट्याकडं नजर. "नवरी मजबूत हाय. नवरा पुढच्या पायात कच्चा हाय." मला त्यानं पहिल्याच आठवड्यात तोंड उघडायला लावलं, दात बघितले आणि निकाल दिला, "जबडा खानदानी हाय. डोस्कं गाढवाचा. मदी कुटंतरी भेसळ झालाय."

अण्णाचा तबेला होटगी रोडच्या आत, रेल्वेच्या रुळाला लागून होता. चार जणांची जागा आणि आता एकटी तुळसा. तीच ती फटाक्याला न भिणारी घोडी. शेजारी पत्र्याच्या दोन खोल्या. त्यात अण्णा आणि गंगाक्का. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आक्का आतनं ओरडली, "मामा, कोन आलंय बगा." मला वाटलं भाची असंल. चहा घेऊन आली तेव्हा कळलं, बायको आहे.

"मग मामा का म्हणता?" मी विचारलं.

"आदी मामाच होता की," आक्का म्हणाली. "माज्या आईचा धाकटा भाऊ. मग नवरा झाला. आदीचं नातं काय सोडायचं व्हय?"

तिकडं सीमेवर ही रीतच आहे. घरातली पोरगी घरातच राहते, बाहेर कुठं तिचे हाल व्हायला नकोत. आक्का हे सांगताना हसत होती. पण त्या घरात पोराबाळांचा फोटो नव्हता, आणि दाराच्या वर आढ्याला एक कडी होती. पाळण्याची. कडीला आता शेंगांचं पोतं टांगलेलं असायचं.

तबेल्याच्या भिंतीवर अण्णाची सगळी इस्टेट होती. त्याला लिहितावाचता यायचं नाही. म्हणून घरात शिंगरू जन्मलं की त्याचं खूर गेरूत बुडवून भिंतीवर ठसा उमटवायचा आणि कोळशानं आईबापाच्या ठशाला रेघ जोडायची. सगळ्यात वर कस्तुरीचा ठसा. ती मूळ घोडी, अण्णाच्या बापानं आणलेली. तिच्यापुढं सुतळी बाँब फुटला तरी ती कडबा खात राहायची म्हणे. तिच्याखाली तिचा मुलगा सरदार. आणि मग सरदारची रेघ खाली जायच्या ऐवजी परत वर जाऊन कस्तुरीलाच मिळाली होती, आणि त्या दोघांतनं तुळसा, शेजारी खाली रेघ नसलेला अजून एक ठसा. मी मान वाकडी करून बघत बसलो.

"अण्णा, म्हणजे सरदार तुळसाचा बाप."

"व्हय."

"आणि भाऊपण?"

"आई येकच, मग भाऊच की."

"ही वंशावळ हाय का चादरीचं डिझाइन? धागा जातोय तितनंच परत येतोय."

मला वाटलं, दुसऱ्या कानाची पाळी. पण अण्णा माझ्याशेजारी उकिडवा बसला. ह्या विषयावर तो मास्तर व्हायचा.

"भोंग्या, घोडा लोकाला कशाला पायजे? वरातीला. वरातीत काय असतो? डीजे, फटाका, दारू पिऊन नाचनारी मानसं. बाहेरचा घोडा बिथरला की मानूस मरतो. कस्तुरी बिथरत न्हवता. हा गुन बाजारात भेटत न्हाय. हा रगतात हाय. बाहेरचा रगत घातला की पातळ होतो. म्हनून मी सरदारला कस्तुरीवर लावला. गुन घट्ट झाला. बग की तुळसाकडं. लेकरू हिच्या पोटाखाली झोपव, पाय टाकनार न्हाय." मग बोट वर करून ते वाक्य, जे मी त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं आणि मांडवामांडवात त्याची नक्कल करून दाखवलं: "रगत म्हंजे इरजण हाय. घरचा असंल तर दही लागतो."

आतनं आक्काचा आवाज आला. "आनि घरचंच लावत बसलं की दह्याला तार सुटती, ते बी सांगा त्याला. इरजण कदीतरी शेजारणीकडनं आनावं लागतं, मामा."

मी भिंतीकडं बघितलं. तुळसाच्या ठशाखाली दोन रेघा होत्या. त्यांच्या टोकाला गेरूचे नाही, चुन्याचे ठसे होते. पांढरे.

ती दोन्ही सरदारपासनं झालेली. पहिलं मेलेलंच जन्मलं. दुसऱ्याचा खालचा जबडा इतका आखूड की त्याला सड तोंडात धरता येईना. आक्कानं बाटलीनं पाजलं. सहा दिवस जगलं. त्यानंतर सरदार गेला, आणि कस्तुरीच्या रक्तातली जगात एकच घोडी उरली, असं अण्णाला वाटत होतं. तुळसाचं वय सतरा. माजावर येणं आता कधीतरी, धरलं तर धरलं. अण्णाला तिच्यापासून एक धडधाकट शिंगरू पाहिजे होतं. एकच. तेवढ्यासाठी तो जेवायचा, झोपायचा, उठायचा. बाकी जग त्याच्या लेखी वरात होतं, पुढं निघून जाणारं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम स्कूटीवरनं यायच्या. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी भिंत बघितली आणि कपाळाला हात लावला. पण बोलल्या मात्र मायेनं. "अण्णा, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. घरातल्या घरात लावलं की गुण पक्का होतो, खरंय. पण कस्तुरीत खोडपण असणारच ना? ती झाकलेली होती. मुलगा आईवर लावला की झाकण निघतं. चांगलं दुप्पट झालं, तसं वाईटपण दुप्पट झालं. आता बाहेरचा घोडा लावा."

अण्णा म्हणाला, "बाहेरचा बिथरतो."

तेव्हा आक्का दारात येऊन उभी राहिली. हसणं नव्हतं. "बिथरंल की. बिथरंल, पन जगंल. मामा, आपल्या पाळन्याचं काय झालं, इसरला व्हय?"

अण्णानं तुळसाच्या मानेवर हात ठेवला. मॅडमनी बॅग उगाच उघडली, उगाच बंद केली. माझ्याकडं अशा वेळेला कायम एखादी नक्कल तयार असते. त्या दिवशी नव्हती.

दिवाळीनंतर तुळसा माजावर आली आणि अण्णा बाहेरचं रक्त आणायला अकलूजच्या घोडेबाजारात निघाला. सोबत म्हणून मी. बाजारात पाचशे घोडे असतील, निदान मला तरी तेवढे वाटले. नाचणारे, मागच्या पायावर उभे राहणारे, शेपट्या रंगवलेले. अण्णा एकेकाचे दात बघायचा, खूर बघायचा, छातीवरचे भोवरे बोटानं चाचपायचा. आणि सगळं पसंत पडलं की मालकाला कळायच्या आत खिशातनं दिवाळीची उरलेली लवंगी काढून घोड्याच्या मागं फोडायचा.

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! एक घोडा उसाच्या रसाच्या गाड्यात घुसला. एकानं मालकालाच लाथ घातली. दोन मालक आमच्या मागं पळाले. मी पुढाऱ्याचा आवाज काढून "शांतता राखा, चौकशी समिती नेमू" म्हणालो म्हणून वाचलो.

"अण्णा, तुला बाहेरचा पाहिजे ना? मग बाहेरचा बिथरणारच."

"येक तरी असंल की," अण्णा म्हणाला. डोळे असे, जसे देवळात हरवलेल्या पोराचे आई शोधताना असतात.

आणि एक निघाला. दुपारी, बाजाराच्या पार टोकाला, लिंबाखाली. पांढरा, तरणा, बादशा नावाचा. लवंगी फुटली. त्यानं नुसतं वळून बघितलं आणि परत डोळे मिटले. अण्णानं दुसरी फोडली, पायाशी. बादशानं धुराला एक शिंक दिली.

अण्णानं माझा दंड घट्ट धरला. "भोंग्या. बाहेरचा हाय. बाहेरचा हाय आनि बिथरत न्हाय!" विकणारा दलाल म्हणाला मारवाडचं रक्त आहे. अण्णानं लगेच हात दिला. इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता. टेम्पोत तो मागं घोड्यापाशीच उभा राहिला, सोलापूरपर्यंत. वाटेत बादली पुढं करून पाणीपण त्यानंच पाजलं. टेम्पोत अंधार होता. हे मुद्दाम सांगतोय.

पोचलो तेव्हा सूर्य मावळायला आला होता. तुळसाचा माज संपत आलेला, उद्यावर टाकायची सोय नव्हती. पण ती बादशाला जवळ येऊ देईना. कान मागं पाडून, लाथा झाडून. तो बिचारा मुका. कस्तुरीच्या घराण्याला नर म्हणजे सरदार, आणि सरदार म्हणजे तो आवाज. अण्णानं माझ्याकडं बघितलं.

"काड."

"काय?"

"सरदारचा हाक काड, भोंग्या. हात जोडतो."

त्यानं खरंच हात जोडले. मी पत्र्याच्या मागं गेलो आणि काढला. आधी शीळ, मग गडगडाट, मग तीन हुंकार. पुढं मी बघितलं नाही. पण पलीकडच्या लाथा थांबल्या. मी पत्र्याला पाठ लावून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, आपण एका म्हाताऱ्या बाईला फसवलं.

सकाळी मी चहाला गेलो. आक्का हौदावर पाणी भरत होती. अण्णानं बादशाला हौदाशी आणलं. घोड्यानं मान खाली घातली, पाणी प्यायला लागला, आणि त्याचा डावा कान हळूच खाली पडला. उजवा ताठ, डावा गालावर. ओल्या पानासारखा.

आक्काच्या हातातली घागर हौदाच्या कठड्यावर आपटली.

हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो. कस्तुरी पाणी पिताना डावा कान पाडायची म्हणे. सरदार पाडायचा. तुळसा पाडते. जबडा आखूड होता त्या शिंगरानंसुद्धा बाटली तोंडात धरली की कान पाडलेला, असं आक्का सांगायची. दुसऱ्या कुठल्या घोड्याचा असा पडलेला मी बघितला नाही.

अण्णानं दलालाला फोन लावायला सांगितलं. मी लावला, स्पीकरवर. दलाल हसतच बोलला, "मारवाड बिरवाड म्हनायचं असतं, अण्णा. त्यो तुमच्या दुधनीकडचाच हाय. बाप बी असाच होता म्हनं, फटाक्याला हलायचा न्हाय. कुनीतरी लई वर्सांमागं शिंगरू इकलेलं तिकडं."

तो कुणीतरी अण्णाच. सरदार आणि कस्तुरीचं, तुळसाच्या पाठचं एक शिंगरू त्यानं गावाकडच्या माणसाला विकलं होतं. भिंतीवर त्याचा ठसा होता, खाली रेघ नव्हती. विकलेल्याची रेघ पुढं कुठं जाते ह्याचा विचार अण्णानं कधी केलाच नव्हता. म्हणजे बादशा तुळसाचा भाचा. पाचशे घोड्यांच्या बाजारात अण्णानं घरची परीक्षा घेतली आणि त्या परीक्षेत घरचाच पास झाला.

आक्का हौदाशीच खाली बसली. "शेजारणीच्या घरात गेलासा मामा, आनि आपल्याच भांड्यातलं इरजण हुडकून आनलासा."

डॉक्टर मॅडमनी सरळ सांगितलं. आठ दिवसांत एक इंजेक्शन देता येतं, गर्भ राहिला असला तरी निघून जाईल. पुन्हा माजावर आली तर दुसरा घोडा बघू. "पुना येईल का?" अण्णानं विचारलं. मॅडम खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "ह्या वयात सांगता येत नाही." "आनि हा चांगला होनारच न्हाय का?" "तसंही नाही. बादशाची आई बाहेरची आहे. होईलसुद्धा चांगलं."

"निम्मा तर बाहेरचा हाय," अण्णा म्हणाला. आक्काकडं बघून म्हणाला, माझ्याकडं बघून म्हणाला, तुळसाकडं बघून म्हणाला. "निम्मा बाहेरचा हाय की."

इंजेक्शन दिलं नाही.

ते अकरा महिने अण्णा भीत जगला. वराती बंद. तुळसाला ऊन लागू नये म्हणून छपराला गोणपाट, गोणपाटावर पाणी. रोज तिच्या पोटाला कान लावून बसायचा. मी गेलो की मला कान लावायला सांगायचा. "चार पाय हालतोय का बग." मला काय कळणार? मी म्हणायचो, "आत डीजे लागलाय अण्णा, चारीच्या चारी पायावर नाचतंय." तो हसायचा नाही, पण परत विचारायचा, "चारी?" त्याला ते ऐकायचं असायचं. मग मी रोज सांगायला लागलो. चारी.

घोडी रात्री विते. माणूस झोपला की, कुणाची नजर लागू नये म्हणून. तुळसाला दसऱ्याच्या आधी, सकाळी नऊ वाजता कळा सुरू झाल्या. अण्णा तिथंच चरकला. मॅडम आल्या. दीड तास ओढाताण. मी आणि आक्का दोरीला. शेवटी शिंगरू बाहेर आलं आणि गवतावर पडलं. काळपट, ओलं, कस्तुरीच्या घराण्यातली सगळी जन्मतात तसं. श्वास चालू होता.

पुढचे दोन्ही पाय मनगटात आत मुडपलेले होते. आपण मूठ वळतो तसे. सरळ होईनात. जबडा आखूड.

तुळसा आडवी पडली होती. नुकतीच व्यालेली घोडी पिल्लाला एक हाक मारते, अगदी खालच्या सुरात, ओठ न उघडता. पिल्लू ती ऐकून उठायला बघतं. तुळसानं ती मारली नाही. तिच्यात तेवढा जीवच नव्हता.

अण्णा गुडघ्यावर होता. शिंगराचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाला, "भोंग्या, आईचा हाक मार."

मी आयुष्यात सगळ्यांच्या नकला केल्या. ही कधी केली नव्हती. ऐकली होती, दोनदा, दुसऱ्यांच्या तबेल्यात. मी शिंगराच्या कानाशी वाकलो आणि ओठ मिटून काढली. एकदा. दोनदा. शिंगरानं डोकं उचललं. डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. मग मुडपलेल्या पायांवर जोर दिला, वर आलं, वीतभर, आणि पडलं. मी परत हाक मारली. परत वर आलं, परत पडलं. मी हाक मारत राहिलो आणि ते उठत राहिलं. शेवटी आक्कानं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"पुरं कर रं बाबा. उटतंय ते बिचारं. तू बोलावतुयास म्हनून उटतंय."

मॅडमनी पाण्याचा पीव्हीसी पाइप उभा चिरून, आत कापूस लावून पायांना बांधला. आक्कानं बाटलीनं पाजलं. अण्णा पोटाखाली पटका घालून त्याला दिवसभर उभं धरायचा. लाल पटका डोक्यावर नसलेला अण्णा मी तेव्हाच बघितला. डोकं अगदी लहान दिसायचं. आक्कानं शिंगराला कुणाला नाव ठेवू दिलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी ते गेलं. जन्मलेल्या शिंगराच्या खुरांना खाली मऊ, पिवळी बोंडं असतात, आईच्या पोटात लागू नये म्हणून. जमिनीवर चार पावलं टाकली की झडून जातात. ह्याची झडली नव्हती. अण्णानं खूर चुन्यात बुडवलं. भिंतीवर ठसा उमटला तो खुराचा नाहीच. फुलासारखं काहीतरी उमटलं.

तुळशीचं लग्न झालं, सीझन सुरू झाला. अण्णाचा तबेला बंदच होता. बादशाला त्यानं परत दिलं होतं. तुळसाचा पान्हा आटला होता. मॅडम म्हणाल्या होत्या, आता तिला त्रास देऊ नका. अण्णा म्हणाला होता, "येकदा. फकस्त येकदा. ह्या टायमाला नक्की बाहेरचा." मॅडम स्कूटी सुरू करून गेल्या होत्या.

परवा अक्कलकोट रोडला वरात होती. मी गाडीवर, माइक हातात. घोडा दुसऱ्याच कुणाचा तरी, पांढरा, तरणाबांड. पोरं फटाके वाजवत होती, घोडा मागंपुढं नाचत होता, मालक लगामाला लोंबकळत होता. गर्दीत लाल पटका दिसला. अण्णा. कुणी बोलावलं नव्हतं, हातात लगाम नव्हता. मला वाटलं मला भेटायला आला. हात केला. त्यानं बघितलंच नाही. त्याची नजर घोड्याच्या पायांवर होती. फटाका फुटून घोडा उडाला की अण्णाचा चेहरा उजळायचा. बिथरतोय. बाहेरचा आहे.

मंगल कार्यालयाच्या दाराशी नवरदेव उतरला. मालकानं घोड्यापुढं पाण्याची पाटी ठेवली. अण्णा गर्दीतनं वाट काढत पुढं आला आणि पाटीशेजारी उकिडवा बसला. घोड्यानं मान खाली घातली.

खाली पोरं ओरडत होती, "ए भोंगा, घोडा काढ की! घोडा!"

मी माइक बंद केला.

घोडा पाणी प्यायला लागला आणि डावा कान अलगद खाली पडला. अण्णा तसाच बसून राहिला. मग त्यानं हात पुढं केला, दोन बोटांनी तो कान उचलला आणि उजव्यासारखा ताठ उभा धरला. घोडा पीतच होता. अण्णानं बोटं सोडली.

कान पडला. त्यानं परत उचलला.